बाबांचं भाजणं

मद्रासचा मे महिना ज्याने स्वयंपाकघरात काढलेला नाही, त्याने मला उन्हाळ्याच्या गोष्टी सांगू नयेत. हे मी आमच्या विदर्भातल्या नातलगांनाही तोंडावर सांगत आले आहे. तुमचं ऊन कडक असेल, पण ते कोरडं. सावलीत गेलं की संपलं. आमचं ऊन माणसाबरोबर घरात येतं आणि दिवा मालवल्यावरही जात नाही. भिंतीला हात लावावा तर ती तापलेली, नळाचं पाणी घ्यावं तर ते कढत, आणि अंगाला घाम असा की पुसायचं सोडूनच द्यावं.

परवा आमच्या अण्णा नगरच्या इमारतीत तरुण मंडळींनी गच्चीवर एक चकचकीत शेगडी आणून मोठा बेत केला. पुरुष चिमटे घेऊन निखाऱ्यांपुढे उभे होते, बायका खुर्च्यांत बसून पन्हं पीत होत्या, आणि कुणालाच त्यात काही नवल वाटत नव्हतं. मला एका मुलाने बटाट्याचा तुकडा आणून दिला. आतून कच्चा होता, पण मी तो कौतुकाने खाल्ला. कारण गच्चीवर घामाघूम होऊन काहीतरी भाजणारा पुरुष दिसला की मला माझे बाबा आठवतात, आणि मग मला कच्चंही चालतं.

तेव्हा आम्ही अड्यारला राहत होतो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बाबा मूळचे नगरकडचे, केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरीला, आणि बदली होऊन मद्रासला आलेले. मी चौदा वर्षांची, एकुलती एक, आणि जिभेची तिखट. आम्हाला एका जुन्या घराचा वरचा पोर्शन भाड्याने मिळाला होता. खाली घरमालकीण राहत. त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, वयाने आजीसारख्या, म्हणून मी त्यांना खालच्या आजीच म्हणायचे. त्यांची मराठी ऐकली की वाटायचं, आपली पणजी बोलते आहे आणि मधूनमधून तिला तमिळ आठवतं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला विचारलं होतं, "तुम्ही कोठून आलांत? जेवणें झालीं की?" आणि आम्ही उत्तर द्यायच्या आधीच खालून रसमचं भांडं वर पाठवलं होतं.

त्या पोर्शनचं सगळं छान होतं, फक्त स्वयंपाकघर नव्हतं छान. ते घराच्या पश्चिमेच्या टोकाला, थेट गच्चीच्या स्लॅबखाली. दुपारभर स्लॅब तापायची आणि संध्याकाळी ती उष्णता वरून खाली यायची. मद्रासची माणसं दुपारनंतर समुद्राच्या वाऱ्याची वाट बघत असतात. वारा सुटला की रस्त्यावर लोक एकमेकांना चांगली बातमी सांगावी तसं सांगतात. पण तो वारा आमच्या बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा आणि तिथूनच परत जायचा. स्वयंपाकघराने त्याचं तोंड कधी पाहिलं नाही. आई पोळ्या करून बाहेर यायची तेव्हा तिच्या पाठीवरचं पोलकं पिळून घ्यावं इतकं भिजलेलं असायचं. बाबा रोज म्हणायचे, "काय हा उकाडा!" आणि पंख्याखाली पेपर उघडायचे.

बाबा वाईट नव्हते हो. त्यांचं पोट मात्र घड्याळाला बांधलेलं होतं. संध्याकाळी साडेसातला ताट हवं म्हणजे हवं. पावणेआठ झाले की ते बोलायचे नाहीत, नुसते स्वयंपाकघराच्या दारातून एक चक्कर मारून जायचे. त्या चकरेत सगळं आलं.

अशा घरात आईची हिंदीची शिकवणी सुरू झाली. ती खालच्या आजींमुळे. मद्रासला शाळेत हिंदी नाही, पण पुढे कुठे नोकरी लागेल या आशेने घरोघरची मुलं खासगीत हिंदी शिकून परीक्षा देतात. आजींच्या नातीला शिकवायला कुणी मिळेना. आईने लग्नाआधी इंटरपर्यंत शिकून घेतलं होतं, आणि हिंदीत तर तिला पहिला नंबर मिळाला होता. आजी म्हणाल्या, "तुम्ही घरीं उगाच बसलां आहांत, मुलीला चार अक्षरें शिकवा की." नात आली, नातीची मैत्रीण आली, मैत्रिणीचे दोन भाऊ आले. मार्च संपेपर्यंत आमच्या बाहेरच्या खोलीत चटया कमी पडायला लागल्या. साडेपाचला लहान मुलं, सातला मोठी. परीक्षा ऑगस्टात, म्हणून सुट्टीतही वर्ग बंद ठेवून चालणार नव्हतं.

आईत काय फरक पडला हे मी डोळ्यांनी पाहिलं. मद्रासला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत तिला बाहेरच्या कुणी तिची म्हणून हाक मारली नव्हती. ती साहेबांची मिसेस होती, माझी आई होती, वरच्या पोर्शनवाल्या मामी होती. आता भाजीवाल्यापाशीसुद्धा एखादी अनोळखी बाई म्हणायची, "तुम्हीच ना हिंदी मिस?" आई मान खाली घालून कांदे निवडायची, पण कान लाल झालेले असायचे. ती संध्याकाळी पाचला तोंड धुऊन, सुती साडी बदलून, केस नीट बांधून बसायला लागली. त्याआधी ती संध्याकाळी केस बांधायची ते फक्त सणाला.

पण दोन्ही वर्ग सांभाळून साडेसातचं ताट काही जमेना. एप्रिल कसाबसा निभावला. मे लागला आणि एक दिवस आईने बाबांना सरळ नोटीस दिली. भांडण नाही, रडारड नाही. म्हणाली, "अहो, महिनाभर मी संध्याकाळी स्वयंपाकघरात जाणार नाही. सकाळी दहीभात कालवून ठेवीन. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

बाबांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. त्यांनी पहिल्या दिवशी दहीभात खाल्ला. दुसऱ्या दिवशी दहीभात खाल्ला आणि लोणच्याची बरणी आवाज करून ठेवली. तिसऱ्या दिवशी दहीभात खाताना ते इतके गप्प होते की मलाच हसू फुटलं. आई काहीच ऐकू न आल्यासारखी सातच्या मुलांना कबीराचा अर्थ सांगत होती. चौथ्या दिवशी बाबा कचेरीतून येताना पिशवीत चार मोठी वांगी घेऊन आले आणि कुणाशी न बोलता गच्चीवर गेले.

त्यामागे त्यांचं एक तर्कशास्त्र होतं. ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी गंभीरपणे समजावलं. नगरकडे शेतावर हुरडा भाजतात तो पुरुषच भाजतात. त्याच आगटीत वांगी टाकतात, कांदे टाकतात, कणसं टाकतात. म्हणजे उघड्यावर, आभाळाखाली पुरुषाने काही भाजलं तर त्याला कुणी नावं ठेवत नाही. "हा स्वयंपाक नव्हे," बाबा म्हणाले. "हे भाजणं. स्वयंपाक घरात असतो." मी म्हटलं, "मग घरात खाऊ नका, गच्चीवरच खा." त्यांनी माझं म्हणणं खरंच मानलं, आणि पुढचा महिनाभर आम्ही गच्चीवरच जेवलो.

जाळी त्यांना खालच्या आजींच्या परसात सापडली. कधीतरी काढून ठेवलेली खिडकीची लोखंडी जाळी, मधोमध कमळ काढलेलं, आणि वर हिरवा ऑइलपेंट. चार विटा, त्यावर ही जाळी, खाली नारळाच्या करवंट्या आणि लाकडाच्या वखारीतून आणलेला कोळसा. पहिल्या दिवशी तो हिरवा रंग जळाला आणि गल्लीत असा दर्प सुटला की समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. वांगी सगळी फेकून द्यावी लागली. चौथा दहीभात.

रंग पुरता जळायला दोन दिवस गेले. त्यानंतर बाबांनी जी चूक केली, ती मात्र आपल्याकडच्या माणसालाच सुचावी अशी. नगरला उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा पश्चिमेकडून येतो. त्यामुळे बाबांनी मोठ्या विचाराने जाळी गच्चीच्या पूर्वेच्या कठड्याला लावली. धूर आपोआप बाहेर जाईल, कुणाला त्रास नाही. करवंट्या पेटल्या, समुद्राकडून छान वारा आला, आणि सगळा धूर गच्ची ओलांडून पश्चिमेकडे निघाला. तिथे जुन्या धोतरावर खालच्या आजींचे वडाम वाळत होते. वडाम म्हणजे आपल्या कुरडया-पापड्यांचेच भाऊबंद. मे महिन्यात मद्रासची प्रत्येक गच्ची त्यांच्याच मालकीची असते, भाडं कुणी का भरेना.

आजी गोळा करायला वर आल्या आणि धुरात उभ्या राहिल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाटलं, आता पोर्शन खाली करा म्हणतात. पण त्या बाबांकडे बघून म्हणाल्या, "काय हो, एथें वारा समुद्राकडून येतो, हें तुम्हांस ठाऊक नाही?"

"पण समुद्र तर पश्चिमे..." बाबा म्हणाले आणि थांबले.

आजी इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. इतकी वर्षं मद्रासला राहून, दर रविवारी आम्हाला किनाऱ्यावर फिरवून, बाबांच्या डोक्यातला समुद्र अजून पश्चिमेलाच होता. मग आजींनीच जागा ठरवून दिली. पश्चिमेच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीशेजारी, आणि तेही वडाम उचलल्यावर. त्या वर्षीचे त्यांचे वडाम तळले की किंचित धुरकट लागायचे. त्या आलेल्या-गेलेल्याला सांगायच्या की ही नगरची चव आहे.

त्यानंतरचे ते दिवस. मला आजही डोळे मिटले की ती गच्ची दिसते. खालून मुलांचा एका सुरातला आवाज यायचा, 'लडका जाता है, लडकी जाती है', आणि वर बाबा बनियनवर, पंचा खांद्यावर, हातात पुठ्ठा घेऊन निखारे फुलवत बसलेले. नारळाच्या झावळ्या वाऱ्याने सळसळायच्या. करवंटी पेटताना एक खोबरेलाचा वास येतो, तो वांग्याच्या सालीच्या वासात मिसळायचा. वांगं जाळीवर फुटायचं, त्यातून वाफ आणि पाणी बाहेर यायचं आणि बाबा म्हणायचे, "बघ, बोलायला लागलं." सोलून, ठेचून, वर कच्चा कांदा, भाजलेली हिरवी मिरची, मीठ, आणि तेलाची धार. सालीवर कमळाच्या पाकळ्यांचे डाग पडलेले असायचे. आठला मोठी मुलं गेली की आई वर यायची, चटईवर बसायची आणि बाबा तिच्यापुढे ताटली ठेवायचे. ती पहिला घास खाऊन फक्त "मीठ कमी" किंवा "बरोब्बर" म्हणायची. साडेसातचं ताट आठवर गेलं होतं, आणि ते बाबांच्या लक्षातही आलं नाही.

पण भरीत कशाशी खायचं? भाताशी त्यांचं समाधान होईना. मद्रासला ज्वारी चोळम म्हणून मिळते, ती त्यांनी दळून आणली आणि एका रविवारी आईला म्हणाले, "भाकरी कशी थापतात, एकदा दाखव." आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मी लगेच टोमणा मारला, "बाबा, हे भाजणं की स्वयंपाक?" ते म्हणाले, "तू गप्प बस. भाकरीसुद्धा शेवटी भाजतातच."

पहिली भाकरी उचलताना फाटली. दुसरीचा नकाशा झाला. कितीतरी भाकऱ्या मी कावळ्यांना घातल्या, आणि मद्रासचे कावळे कशालाही नाही म्हणत नाहीत. पण बाबा हट्टी. पाणी किती कोमट, पीठ किती मळायचं, तळहाताचा कुठला भाग टेकवायचा, हे सगळं ते कचेरीतल्या कामासारखं मन लावून शिकले. मे सरता सरता त्यांची भाकरी तव्यावरून जाळीवर गेली की टम्म फुगायला लागली. पहिली फुगली तेव्हा त्यांनी वर्ग चालू असताना आईला हाक मारून वर बोलावलं. आई मुलांसकट आली.

आणि मग आत्याचं यायचं ठरलं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, आणि आत्यानेच बाबांना सांभाळलं, करून घातलं, शाळेला पाठवलं. तिचं लग्न झालं तेव्हा बाबा धाय मोकलून रडले होते, असं सगळे सांगत. मोठ्या एकत्र कुटुंबात ती पडली. शिस्तीची, कामाची आणि शब्दाची कडक. बाबा कचेरीत साहेबांपुढे बोलायचे, पण आत्यापुढे त्यांची मान आपोआप खाली जायची. पुरुषाने पाण्याचा तांब्या स्वतः उचललेला तिला खपत नाही, हे आम्हाला पुरतं ठाऊक होतं. ती पहिल्यांदाच मद्रासला येत होती.

बाबांनी आदल्या दिवशी जाळी टाकीमागे सरकवली, वर पोतं टाकलं, विटा रचून ठेवल्या. मी बघत होते. आई जिन्यात उभी होती, तीही बघत होती. बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "अक्का आहे तोवर. तिला काय वाटेल?"

"आणि वर्ग?" आईने विचारलं.

"अक्का आहे तोवर," बाबा पुन्हा म्हणाले.

आत्या महिनाभर राहणार होती. परीक्षा ऑगस्टात. महिनाभर वर्ग बंद म्हणजे मुलं दुसरीकडे जाणार, आणि गेलेली मुलं परत येत नाहीत. बाबांना हे कळत नव्हतं असं नाही.  त्या रात्री आईने सगळी पुस्तकं एकावर एक रचून कपाटात ठेवली आणि मला बाबांचा असा राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी फक्त हो-नाहीत बोलले.

आत्या आली. उंच, काटक, नऊवारी, हातात गोधडीची वळकटी. नगरहून शेंगदाण्याची चटणी, खपली गहू आणि माझ्यासाठी खणाचं कापड घेऊन आली. मला जवळ घेतलं, बाबांच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळलास रं." बाबा वाळले होते, ते महिनाभर निखाऱ्यांपुढे बसून. पण सांगणार कोण? सगळे मूग गिळून बसलो.

दोन दिवस आई त्या भट्टीत उभी राहिली. आत्या मदतीला आत गेली, तर आईने तिला हात धरून बाहेर बसवलं. पाहुणीला काम सांगायचं नाही, ही आमच्या घरची रीत. साडेसातला बाबांचं ताट, मग माझं, मग सगळं झाकपाक झाल्यावर त्या दोघी. बाबा खाली मान घालून जेवत होते. पोळी मऊ, आमटी फक्कड, पण त्यांनी एकदाही "वा" म्हटलं नाही. जेवण जात नव्हतं, ते मला दिसत होतं, आणि मला त्याचा आनंद होत होता.

तिसऱ्या दिवशी वाराच सुटला नाही. मद्रासला उन्हाळ्यात असे एक-दोन दिवस येतात, समुद्र रुसल्यासारखे. झावळीचं पान हलेना. आई पुरण शिजवत होती, कारण आत्याला पुरणपोळी आवडते असं बाबाच बोलून गेले होते. साडेपाचला जिन्यावर पावलं वाजली. निरोप मिळूनही लहान मुलं आली होती. पाटी, पुस्तकं, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांसकट. खालच्या आजींची नात सगळ्यांत पुढे.

आई हाताला पीठ लागलेलं तशीच बाहेर आली. चेहरा लालबुंद. तिने मुलांना सांगितलं की सध्या वर्ग बंद आहे, घरी जा. मुलं हलेनात. सगळ्यांत लहान एक मुलगी होती, पुढचे दात पडलेली. तिने तमिळमध्ये विचारलं, "मिस, तुम्ही नापास झालात का?"

तिला बिचारीला तेवढंच माहीत होतं. जो नापास होतो, त्याचा वर्ग बंद होतो. आई हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. तिने तोंड फिरवलं. बाबा नुकतेच कचेरीतून येऊन जिन्याच्या वळणावर उभे होते. हातात डबा, बगलेत छत्री. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते वर आले, छत्री कोपऱ्यात ठेवली, आणि आईला म्हणाले, "तू शिकव. मी बघतो."

"अहो, वन्सं..." आई म्हणाली.

"मी बघतो," बाबा म्हणाले. शर्ट काढून खुंटीला अडकवला, पंचा घेतला, परातीत तवा आणि टोपलीतली वांगी टाकली, पिठाचा डबा काखेत मारला आणि गच्चीवर निघाले. जाताना आत्याच्या पुढ्यात थांबले. म्हणाले, "अक्का, वर चल. आज तुला मी वाढतो."

 आत्या उठली आणि त्यांच्यामागून चढायला लागली. मीही गेले.  राग कुठल्या कुठे पळाला होता. मला फक्त बाबांची काळजी वाटत होती.

त्यांनी पोतं ओढलं, विटा लावल्या, जाळी ठेवली, कोळसा पेटवला. वारा नव्हता, धूर सरळ वर जात होता. आत्या चटईवर मांडी घालून बसली आणि बघत राहिली. तिच्या तोंडावरची रेघ हलली नाही. खालून आईचा आवाज यायला लागला, पाठोपाठ मुलांचा. बाबांनी वांगी भाजली, सोलली, ठेचली. मग परात पुढे ओढून पीठ मळायला घेतलं. तेव्हा आत्या थोडी पुढे वाकली.

आत्या बघते आहे म्हणून असेल, पण पहिली भाकरी उचलताना फाटली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी शाईची दौत सांडल्यावर पाहत असतील तसं. मला वाटलं, आता ही म्हणणार, ऊठ, तुझं काम नाही ते.

"माझ्याकडं काय बघतोस?" आत्या म्हणाली. "मी पाव्हणी हाय."

बाबांनी पीठ पुन्हा गोळा केलं. दुसरी भाकरी नीट उचलली, तव्यावर गेली, पाणी फिरलं, उलटली, जाळीवर आली आणि फुगली. त्यांनी ती बोटं भाजत भाजत उचलली, ताटलीत भरिताशेजारी ठेवली आणि ताटली आत्यापुढे सरकवली. सवयीने ती म्हणाली, "तुझं होऊ दे आधी." बाबा म्हणाले, "नाही. तू खा. गार होईल."

आत्याने भाकरीचा पापुद्रा काढला. आतून वाफ आली. ती थोडा वेळ त्या वाफेकडे बघत होती. मग तिने घास घेतला, सावकाश चावला, दुसरा घेतला. पूर्ण भाकरी संपवली. बाबा पुढची थापत होते, तिच्याकडे न बघता, पण कान तिकडेच.

"कधी शिकलास?" तिने विचारलं.

"या महिन्यातच," बाबा म्हणाले.

"एका महिन्यात?"

"हो. हिनं शिकवलं. पहिले आठ-दहा दिवस जमेना, मग जमलं."

आत्याचा हात ताटलीतच थांबला.

"मला वाटायचं, पुरुषाच्या हाताला ते येतच नाही," ती म्हणाली. "मला तसंच सांगितलं होतं. आई गेली तवा मी दहा वर्साची होते. भाकरी थापायला पाटावर पाट ठेवून बसायची. किती चटके खाल्ले. आन् तू आठाचा होतास. दोनच वर्सानं धाकटा." ती बाबांकडे बघत होती, पण रागाने नाही. काहीतरी हिशोब चुकला होता आणि तो आत्ता सापडला होता, तशी. "महिना पुरला असता की रं."

मी आत्याला कायम म्हातारीच समजत होते. ती बाबांपेक्षा फक्त दोन वर्षांनी मोठी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. बाबांना तर ते आयुष्यभर ठाऊक होतं.  पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून ते बसून राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात मोकळे नव्हते.

"तव्यावरची करपतीय," आत्या म्हणाली.

बाबांनी ती उलटली. "अजून एक खाशील, अक्का?"

"खाईन," आत्या म्हणाली आणि ताटली पुढे केली. "तू कर. मी खात जाते."